सहा ते सात : एका रिकाम्या तासाची कहाणी

दिवेलागणीला चर्चची घंटा झाली की हातातला विटीदांडू टाकून घराकडे धावायचे, विहिरीवर हातपाय धुवायचे आणि आजीच्या मागे वेदीपुढे गुडघे टेकायचे, हा नेम आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. ती घंटा प्रार्थनेची होती हे खरे. पण आम्हां मुलांच्या लेखी तिला आणखी एक अर्थ होता. खेळ संपला, दिवस संपला, आता घर गाठा, असे ती सांगे. त्यामुळे आईला दारात उभे राहून ओरडावे लागत नसे. घंटा आईच्या वतीने बोलत असे.

ही आठवण आज निघण्याचे निमित्त मात्र आपल्या गावातले नाही. इंग्लंडमधील दूरचित्रवाणीचा इतिहास चाळत असताना एक विलक्षण हकीकत आमच्या वाचनात आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्या देशात संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण थांबे आणि सात वाजेपर्यंत ते थांबलेलेच राही. यंत्रात बिघाड नसे, विजेची टंचाई नसे. घरातल्या लहानग्यांना खाऊपिऊ घालून अंथरुणात निजवण्यास आईबापांना निर्वेध वेळ मिळावा, एवढ्याचसाठी एका अख्ख्या राष्ट्राचा पडदा तासभर काळा ठेवला जाई. 'टॉडलर्स ट्रूस' असे नाव या प्रथेला पडले होते. आपल्या भाषेत तिला 'दुडदुडत्या बाळांसाठीचा तह' म्हणता येईल.

लहान मूल पडद्यापुढे किती वेळ बसते, हा आज आपल्या घराघरांतला प्रश्न झाला आहे. धर्मग्रामातल्या पालकसभेत तो निघतो, लग्नाच्या मांडवात निघतो, दवाखान्याच्या बाकावर तर हमखास निघतो. कोणी यंत्राला दोष देतो, कोणी कंपन्यांना, कोणी सरकारला. आणि जवळपास कोणी आजोबा बसलेले असले तर ते सुनेला दोष देतात. परंतु हा प्रश्न मोबाईलइतका तरुण नाही. तो निदान सत्तर वर्षे जुना आहे, आणि त्या रिकाम्या तासाच्या कहाणीत त्याचे बहुतेक सगळे धागे सापडतात. म्हणून ती कहाणी सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बी.बी.सी.ने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. महायुद्ध पेटताच १ सप्टेंबर १९३९ रोजी ती बंद पडली. बंद पडण्यापूर्वी मिकी माऊसचे एक व्यंगचित्र दाखवण्यात आले होते. पुढे ७ जून १९४६ रोजी प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले, तेव्हा तेच व्यंगचित्र पुन्हा दाखवले गेले. मध्ये जणू काही घडलेच नव्हते! (इंग्रज माणसाचा हा विनोद आम्हांला नेहमीच थोडा अंगावर काटा आणणारा वाटतो.) त्या वेळी संच फार थोड्या घरांत होते. १९५० मध्ये परवाने होते सुमारे साडेतीन लाख. दहा वर्षांनी, १९६० मध्ये, ते एक कोटीच्या वर गेले. मधल्या काळात २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला आणि तो पाहण्यासाठी सुमारे दोन कोटी माणसे पडद्यापुढे बसली. ज्यांच्याकडे संच नव्हता ती शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. आपल्याकडे हे दृश्य तीसेक वर्षांनी दिसले, त्याकडे आपण पुढे येऊच.

दिवाणखान्यातल्या या नव्या पाहुण्याविषयी इंग्रज आईच्या मनात धास्ती होती. मूल त्यापुढे बसवून आपण कामाला लागलो, तर हा पाहुणाच मुलाची दाई होऊन बसेल, ही ती धास्ती. बी.बी.सी.लाही तिची कल्पना होती. आधी रेडिओवर जानेवारी १९५० मध्ये 'लिसन विथ मदर', म्हणजे 'आईसोबत ऐका', हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी ११ जुलैला पडद्यावर अँडी पँडी नावाची पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली कळसूत्री बाहुली आली. फ्रीडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड या दोघींनी ती घडवली. १९५३ मध्ये लहानग्यांच्या अशा कार्यक्रमांना मिळून 'वॉच विथ मदर', म्हणजे 'आईसोबत पाहा', असे नाव देण्यात आले. नाव निरागस दिसते, पण ते विचारपूर्वक ठेवलेले होते. हा पडदा आईची जागा घेणार नाही, आई शेजारी बसलेली असेल, असे आश्वासन त्या तीन शब्दांत होते. आणि हळूच केलेली आज्ञाही होती.

अँडी पँडीचे भाग काढले होते अवघे सव्वीस. तेच वर्षानुवर्षे फिरून फिरून दाखवले जात. मुलांची तक्रार नव्हती. चिऊताईच्या मेणाच्या घराची गोष्ट एकाच रात्री तीनदा सांगितलेल्या कोणत्याही आजीला याचे नवल वाटणार नाही. लहान मुलाला नवे नको असते, ओळखीचे हवे असते; नव्याची हाव मोठ्यांची. त्या पंधरा मिनिटांत सगळ्याच आया बाळाशेजारी बसून राहत होत्या काय? आमचा संशय असा की पुष्कळशा घरांत तेवढ्या वेळात भांडी विसळून होत असावीत. त्याबद्दल त्यांना दूषण देण्याचे धाडस ज्याने कधी तान्ह्या मुलासह स्वयंपाक केला आहे तोच करो.

हे झाले दुपारचे. संध्याकाळची व्यवस्था निराळी होती. पाचच्या सुमारास शाळकरी मुलांचे कार्यक्रम होत. सहा वाजता ते संपले की पडदा बंद; सातनंतर मोठ्यांचे कार्यक्रम. मधला तास मुलांना निजवण्याचा. रविवारी हा विराम थोडा वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणाने असे. त्या वेळी चर्चमध्ये सायंउपासना चाले, आणि माणसे ती सोडून घरी बसू नयेत, हा हेतू होता.

बरीच वर्षे या तहाविरुद्ध कोणी ब्र काढला नाही. प्रश्न उठला तो २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी आय.टी.व्ही. ही दुसरी दूरचित्रवाणी सुरू झाल्यावर. बी.बी.सी.ला परवाना शुल्काचे पैसे मिळत. पडदा तासभर बंद राहिला तर तिचा खर्चच वाचत होता. आय.टी.व्ही.चे तसे नव्हते. माणसे कामावरून परत येतात, चहा घेऊन बसतात, अशा ऐन मोक्याच्या वेळी दुकान बंद ठेवायचे म्हणजे रोजचा तोटा. तेव्हा नव्या कंपन्यांनी तह उठवण्याचा तगादा लावला, आणि बी.बी.सी. तो टिकवण्याच्या बाजूने राहिली. बाळांच्या झोपेवरून झडलेल्या या वादात दोन्ही बाजूंच्या मनात हिशेबाची वही होती, हे नमूद करणे भाग आहे.

निर्णय पोस्टमास्तर जनरलच्या हाती होता. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रक्षेपणाच्या वेळा हे खाते ठरवी. कोणत्या दिवशी किती तास पडदा चालावा यावरही त्याचे बंधन असे. १९५५ पासून या पदावर डॉ. चार्ल्स हिल होते. पेशाने डॉक्टर असलेले हे गृहस्थ महायुद्धाच्या काळात 'रेडिओ डॉक्टर' म्हणून घरोघरी माहीत झाले होते. आहारविहाराच्या गोष्टी ते अगदी बाजारातल्या भाषेत सांगत. मुलाला वेळेवर निजवणे हे आईबापांचे काम, सरकारचे नव्हे, असे त्यांचे स्वच्छ मत होते. तह राखण्यामागची पालकांविषयीची काळजी त्यांना पालकांवरचा अविश्वास वाटे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर पार्लमेंटनेही तह उठवण्यास मान्यता दिली. मग तो कोणत्या दिवशी उठवायचा यावर दोन्ही संस्थांचे एकमत होईना. अखेर हिल यांनीच दिवस नेमून दिला : शनिवार, १६ फेब्रुवारी १९५७.

त्या संध्याकाळी सहा वाजता पडदा काळा झाला नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी बी.बी.सी.वर 'सिक्स-फाइव्ह स्पेशल' हा तरुणांच्या नव्या नाचगाण्यांचा, रॉक अँड रोलचा, कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या सोमवारपासून, १८ फेब्रुवारीपासून, क्लिफ मिशेलमोर यांचा 'टुनाइट' हा चालू घडामोडींचा कार्यक्रम आला. दुडदुडत्या बाळांचा तास असा एका बाजूने पोरसवदा तरुणांना आणि दुसऱ्या बाजूने कामावरून परतलेल्या बापांना मिळाला. रविवारचा विराम तेवढ्यात उठला नाही. पुढे त्या वेळेत धार्मिक कार्यक्रम येऊ लागले. १९६१ मध्ये सुरू झालेला 'साँग्ज ऑफ प्रेज' हा चर्चमधील भक्तिगीतांचा कार्यक्रम त्यांतलाच.

मग त्या रात्री इंग्लंडची मुले झोपली नाहीत काय? झोपली. आभाळ कोसळले नाही. डॉ. हिल यांचे तत्त्व खरेच होते, असे आम्हांलाही वाटते. मूल निजवण्यासाठी सरकारने पडदा पाडावा ही कल्पना गोड असली तरी पांगळी आहे. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पूर्वी आईला 'आता काही नाही, बघ, बंद झाले' एवढेच म्हणावे लागे. आता तिला 'बंद कर' असे म्हणावे लागणार होते. पहिल्या वाक्याशी मूल हुज्जत घालू शकत नाही, दुसऱ्याशी घालते. जबाबदारी परत दिली म्हणताना राज्याने आईबापांच्या हाती हे दुसरे वाक्य दिले होते, आणि शेजारी व्यापाऱ्याला बसवून दिले होते.

यानंतर जे समजले तेच या कहाणीतले आमच्या मते सर्वांत मोलाचे. तह उठला त्या सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील मानसशास्त्रज्ञ डॉ. हिल्डे हिमेलवाइट आपल्या ओपेनहाइम आणि व्हिन्स या दोन सहकाऱ्यांसह मुले आणि दूरचित्रवाणी यांचा मोठा अभ्यास करीत होत्या. नफिल्ड फाउंडेशनने त्याला पैसा पुरवला होता. घरी संच असलेली आणि नसलेली, दहा-अकरा आणि तेरा-चौदा वर्षांची मुले त्यांनी जोड्या लावून तपासली. नॉरिच शहरात तर त्यांना दुर्मिळ संधी लाभली : तेथे दूरचित्रवाणी पोहोचण्यापूर्वी मुलांची पाहणी झाली, आणि घरोघर संच आल्यावर तीच मुले पुन्हा पाहिली गेली. १९५८ मध्ये 'टेलिव्हिजन अँड द चाइल्ड' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मुले आठवड्याला सरासरी अकरा ते तेरा तास पडद्यापुढे असत. त्यांच्या आवडीचे कार्यक्रम बहुतांशी मुलांचे नव्हतेच. ते होते सातनंतरचे, मोठ्यांचे, विशेषतः गुन्हेगारीच्या थरारकथांचे. म्हणजे सहा ते सातची भिंत जेथे बांधली होती तेथून मोठी मुले आत शिरतच नव्हती. ती सातनंतर, आईबापांच्या मांडीला मांडी लावून, उघड्या दाराने शिरत होती. आणि मूल किती पाहते हे कशावर ठरते? मुलाची बुद्धी, त्याचा स्वभाव, दूरचित्रवाणी येण्यापूर्वी त्याचे जीवन खेळ-मित्र-छंद यांनी किती भरलेले होते, या गोष्टी तर होत्याच. पण त्यांच्याबरोबर एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : आईबापांचे उदाहरण. जे आईबाप स्वतः बेताने आणि निवडून पाहत, त्यांची मुले बहुधा तशीच पाहत. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, हे सांगायला आपल्याला लंडनचा ग्रंथ लागत नाही, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, लागतो. कारण म्हण आपण दुसऱ्याच्या घराविषयी वापरतो; मोजमाप आपल्या घरातही करावे लागते.

हा अभ्यास दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा होता, बाळांचा नव्हे, ही मर्यादा सांगितली पाहिजे. अमेरिकेत विल्बर श्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलेही होती, आणि मूल तीन वर्षांचे होईतो पडद्याचे नियमित गिऱ्हाईक झालेले असते असे त्यांना आढळले. तेथेही आईबापांच्या सवयींचे वजन दिसून आले.

ज्या १९५७ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडचा रिकामा तास संपला, त्याच वर्षी ८ सप्टेंबरला पोप बारावे पायस यांनी चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांविषयी 'मिरांदा प्रोर्सुस' हे परिपत्रक काढले. इटलीत नियमित दूरचित्रवाणी ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाली. तिच्या दोनच दिवस आधी त्यांनी तेथील महागुरूंना या विषयावर पत्र लिहिले होते. चित्रपटाला घरातून उठून जावे लागते, दूरचित्रवाणी मात्र घरात शिरते, हा भेद त्यांनी नेमका हेरला होता, आणि म्हणून जबाबदारीही घरातल्यांवर टाकली होती. ख्रिस्तसभेने या यंत्राला सैतानाची पेटी म्हटले, असा एक समज अजून ऐकू येतो. तो बरोबर नाही. १९५८ मध्ये याच पोपमहोदयांनी असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून जाहीर केले. कारण मोठे गोड आहे : आजारपणामुळे नाताळच्या रात्री उपासनेला जाऊ न शकलेल्या क्लारा यांना ती उपासना आपल्या खोलीतच दिसली, अशी परंपरा आहे. पुढे १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश 'दूरचित्रवाणी आणि कुटुंब' या विषयालाच वाहिला. मुले सांभाळण्याचे काम संचावर सोपवू नका, मुलांशी पाहिलेल्या गोष्टींविषयी बोला, आणि कधी कधी संच सरळ बंद करा, असा त्याचा रोख होता.

आता आपल्याकडे वळू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. योगायोग असा की त्याच १९७२ च्या जानेवारीत इंग्लंडने प्रक्षेपणाच्या तासांवरील सरकारी बंधने उठवली. तेथे पडदा दिवसभर मोकळा झाला त्या वर्षी येथे तो संध्याकाळपुरता उघडू लागला. आपल्याकडे 'बाळांचा तह' असे नाव कोणी दिले नाही. पण तो होताच. उलट इंग्रजांचा तह एका तासाचा होता, आपला जवळजवळ दिवसभराचा. संध्याकाळी काही तास कार्यक्रम, त्यात 'आमची माती, आमची माणसं', मुलांसाठी 'किलबिल', बातम्या, आठवड्यातून एकदा 'छायागीत', शनिवार-रविवारी चित्रपट. बाकी वेळ पडद्यावर पाहण्यासारखे काहीच नव्हते, तेव्हा मुलांनी काय पाहावे हा प्रश्नही नव्हता. आपण त्या काळच्या पालकांच्या शिस्तीचे गोडवे गातो. त्या शिस्तीचा मोठा वाटा सरकारच्या गरिबीचा होता, हे कबूल केलेले बरे.

आमच्या घरी संच आला तो १९८० च्या दशकाच्या मध्याला. लाकडी पेटी, तिला दोन्ही बाजूंनी सरकणारी झडप, झडपेला कुलूप. किल्ली वडिलांच्या बंडीच्या खिशात. त्या कुलपाचा आम्हां भावंडांना केवढा राग! पण आज विचार करता ध्यानात येते की किल्ली ज्यांच्याकडे होती तेही त्या पेटीपुढे फारसे बसत नसत. बातम्या झाल्या की वडील स्वतः उठून झडप ओढत आणि बागेत पाणी सोडायला जात. कुलूप आमच्यासाठी होते. उठणे त्यांचे स्वतःचे होते. आम्ही शिकलो असू तर त्या उठण्यातून, कुलपातून नव्हे.

मग 'हम लोग' आले १९८४ मध्ये, आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण'. पहिल्या मिस्साला जाऊन साडेनऊच्या आत घरी परतण्याची जी घाई आमच्या आळीत तेव्हा उडे ती केवळ मुलांची नव्हती. शेजारच्या तीन घरांतली माणसे आमच्या पडवीत बसत, आणि पुढच्या रांगेत मुले असत. इंग्लंडमध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी झाले तेच. पुढे संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या. तेव्हा जपमाळ सातावरून आधी साडेसातावर गेली, मग साडेआठावर, आणि काही घरांत जेवणानंतरच्या जांभयांत विरघळली. ती मुलांनी सरकवली नव्हती. चर्चची घंटा मात्र आपल्या वेळेवरच वाजत राहिली.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९५ मध्ये दिवसभर व्यंगचित्रे दाखवणारी वाहिनी आली, आणि आपल्या नकळत चाललेला तह संपला. तोवर आम्ही स्वतः बाप झालो होतो. मुलांना नऊ वाजता 'बंद करा, अभ्यासाला बसा' असे दरडावून आम्ही आवाज बारीक करीत असू आणि उरलेला कार्यक्रम पाहत असू. मुले आतल्या खोलीत पुस्तक उघडून कान बाहेर लावून बसत. ही गोष्ट मुलाने पुढे वीस वर्षांनी हसत हसत सांगितली. आम्हांला वाटत होते, त्याला कळत नाही.

आणि आता हातात मावणारा पडदा. २०१६ नंतर मोबाईलवरील डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० पासून करोनाच्या टाळेबंदीत शाळाच त्या पडद्यात शिरली, आणि ज्या आईबापांनी मोबाईल दूर ठेवला होता त्यांनाच तो मुलाच्या हाती द्यावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले होते की पहिल्या वर्षात बाळाला पडद्यापुढे बसवूच नये, दुसऱ्या वर्षीही शक्यतो नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सूचनाही साधारण याच धर्तीच्या आहेत : दोन वर्षांखाली नाही, दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पुन्हा एकच तास! फरक एवढाच की इंग्लंडमध्ये तो पडदा बंद ठेवण्याचा होता, आता तो चालू ठेवण्याचा आहे.

यामागचे कारण समजण्यास अवघड नाही. अगदी लहान मूल पडद्यावरून फार थोडे शिकते. तीच गोष्ट समोरच्या जिवंत माणसाने करून दाखवली तर ते ती लवकर उचलते. आई कोठे पाहते तिकडे बाळ पाहते. आई ज्या वस्तूकडे पाहून शब्द उच्चारते त्या वस्तूला तो शब्द चिकटतो. आई दिवसातून पन्नास वेळा तळहाताएवढ्या काचेकडे पाहत असेल तर बाळाच्या लेखी जगातली सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, याचा निवाडा झालाच. अलीकडे निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांतूनही तेच पुन्हा पुन्हा दिसते. आईबाप स्वतः जितका वेळ पडद्यापुढे असतात त्याच्याशी लहान मुलाच्या वेळेचे नाते फार घट्ट असते. डॉ. हिमेलवाइट यांनी १९५८ मध्ये सांगितले ते यंत्र बदलले तरी बदललेले नाही.

एका बाबतीत मात्र आजच्या आईबापांची परिस्थिती १९५७ च्या इंग्रज आईबापांपेक्षा बिकट आहे, आणि आमच्या पिढीने त्यांना उपदेश करण्यापूर्वी ती ध्यानात घ्यावी. तेव्हा घरात पडदा एक होता, त्याची जागा ठरलेली होती, आणि कोण किती पाहतो हे सर्वांना दिसे. आजचा पडदा खिशात असतो. त्यावर बँक आहे, नोकरी आहे, दूरदेशी असलेल्या भावाचा चेहरा आहे, सकाळच्या वाचनांचा पाठही आहे. आई मोबाईल पाहते तेव्हा ती भाजीचा हिशेब करते आहे की मालिका पाहते आहे, हे मुलाला कसे कळावे? त्याला दिसते ती फक्त वाकलेली मान. वडील झडप ओढून बागेत जात, ते आम्हांला दिसत असे. आज झडपेचा आवाजच होत नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या घरी नात आणि तिचे आईबाप राहायला आले होते. नात साडेचार वर्षांची. इंग्लंडची ही हकीकत आम्ही त्यांना रात्री जेवताना सांगितली, तेव्हा सुनेनेच सुचवले की आपणही एक तास बंद ठेवून पाहू. वेळ ठरली सात ते आठ; सगळ्यांचे मोबाईल वेदीखालच्या खणात. नातीला वाटले हा काही खेळ आहे. खण बंद करण्याचे काम तिने मागून घेतले. पहिल्या संध्याकाळी जपमाळेनंतर काय करायचे ते कोणालाच सुचेना. मुलगा अंगणात जाऊन उगाच नारळाच्या झावळ्या गोळा करीत बसला. तिसऱ्या दिवसापासून पत्ते निघाले. पहिल्या दोन आठवड्यांत नेम तीनदा मोडला. एकदा मुलाचा कचेरीतून फोन येणार होता म्हणून, आणि दोनदा आमच्यामुळे. क्रिकेटचा सामना होता.